नाणेघाट आणि बिनशून्याचा हिशेब

गेल्या शनिवारी नाणेघाट करून आलो. पहाटे साडेचारला निघायचं ठरलं होतं, म्हणजे अर्थातच साडेपाचला निघालो. पाच जण, एक गाडी. त्यातले तिघे ऑफिसातले आणि एक माझा कॉलेजपासूनचा ट्रेकचा जोडीदार. मुरबाडला वडापाव-चहा झाला आणि टोकावड्याच्या पुढे, वैशाखऱ्याजवळ गाडी लावून चालायला लागलो.

पहिला तास रानातली वाट, मग चढ. वर जाताना डावीकडे नानाचा अंगठा सतत खुणावत असतो. शेवटच्या टप्प्यात दोन कड्यांमधली चिंचोळी नाळ आणि त्यात रचलेले दगड. किबोर्डवर बसून जगणाऱ्या आमच्यासारख्यांना अडीच-तीन तास सहज लागतात. आम्हाला सव्वातीन लागले. असो.

माझ्या मते हा घाट खालून वर चढूनच बघावा. जुन्नरकडून गाडीने थेट माथ्यावर जाता येतं, पण मग हा ‘रस्ता’ होता हे कळत नाही. सोपारा, कल्याण या बंदरांत उतरलेला माल याच नाळेतून जुन्नरला आणि पुढे पैठणला जायचा. आपण पाठीवर दोन लिटर पाणी घेऊन धापा टाकतो, तेव्हा ओझ्याची जनावरं इथून कशी चढत असतील याचा थोडासा अंदाज येतो.

नाळेच्या तोंडाशी ती प्रसिद्ध गुहा आहे. आत शिरल्यावर डाव्या भिंतीवर दहा ओळी, उजव्या भिंतीवर दहा ओळी. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. काळ साधारण इ.स.पू. पहिलं शतक धरतात, काही अभ्यासक आणखी मागे नेतात. सॅक टेकवून आम्ही जरा बसलो, तेवढ्यात आमच्यातला एक जण मोठ्या आवाजात म्हणाला, "शून्याचा शोध इथे लागला, माहितीये का? फॉरवर्ड आला होता."

तर मंडळी, या लेखाचं निमित्त तो फॉरवर्ड आहे.

नाणेघाटात शून्य नाही. आणि शून्य नाही, हीच खरी गंमत आहे. या लेखात यज्ञांच्या दक्षिणेचे आकडे कोरलेत, आणि भारतात सापडलेल्या अगदी जुन्या अंकांमध्ये त्यांची गणना होते. १८७० च्या दशकात पंडित भगवानलाल इंद्रजींनी त्यांच्यावर काम केलं, मग १८८३ मध्ये ब्यूलरने पूर्ण लेखाचं वाचन प्रसिद्ध केलं. एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. चार म्हणजे चक्क आपलं अधिकचं चिन्ह! दहाला वेगळं चिन्ह, वीसला वेगळं, शंभरला वेगळं, हजाराला वेगळं. चारशे लिहायचे तर शंभराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडायचं. वीस हजार म्हणजे हजाराला वीस जोडायचे.

आता लेखातला एक आकडा बघा: २४,४०० कार्षापणं. आपण पाच अंक लिहितो, त्यातले दोन शून्य. इथल्या लेखनिकाला तीनच चिन्हं लागली: वीस हजार, चार हजार, चारशे. १०,००१ गाईंसाठी तर दोनच! म्हणजे जागेवरून किंमत ठरण्याची पद्धत इथे नाही, आणि जागाच मोजायची नसेल तर रिकाम्या जागेला चिन्ह कशाला हवं? ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ च्या लेखात गोल शून्य दिसतं. नाणेघाट त्याच्या नऊशेहून अधिक वर्षं आधीचा. शून्याशिवायही इतके मोठे हिशेब चोख चालत होते, हे मला त्या फॉरवर्डपेक्षा कितीतरी भारी वाटतं.

आमच्या टीममधली नवीन मुलगी आतापर्यंत गप्प होती. तिने विचारलं, "पण दादा, हा हिशेब लिहून कोणी ठेवला?"

एका राणीने. नागनिका. लेखाची सुरुवात धर्म, इंद्र, संकर्षण-वासुदेव, चंद्र-सूर्य आणि चार लोकपाल यांच्या वंदनाने होते. मग तिचं वर्णन येतं: महारठीची मुलगी, राजाची पत्नी, कुमार वेदिसिरीची आई, महिनाभराचे उपास करणारी, घरात राहून तपस्विनीसारखी जगणारी. ब्यूलरने तिला सातकर्णीची विधवा मानलं, काहींना ते पटत नाही. पुढे यज्ञांची यादी: राजसूय, अश्वमेध वगैरे. आणि प्रत्येकाची दक्षिणा. एका ठिकाणी ११,००० गाई आणि १,००० घोडे!

मागच्या भिंतीवर या घराण्याच्या मूर्ती होत्या. सिमुक, राणी नायनिका आणि सिरि सातकनि, काही कुमार, एक महारठी. आज वर नावं आहेत आणि खाली फार तर पायांच्या खुणा. बाकी सगळं गेलं. लेखालाही मोठमोठी भगदाडं आहेत, मुख्य मजकुरात तर राणीचं नावसुद्धा पुरतं शिल्लक नाही. मूर्तीवरच्या नावाच्या आधाराने ते ओळखलं गेलं.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. पंधराएक वर्षांपूर्वी मी आणि माझा तोच जोडीदार इथे आलो होतो, तेव्हा अक्षरं फोटोत उठून दिसावीत म्हणून आम्ही खडू घासला होता. चांगल्या हेतूने, इतिहासाच्या प्रेमापोटी वगैरे. एकेका रेघेवरून आकडा ठरतो, अशा भिंतीवर! नावं कोरणाऱ्यांना आम्ही त्याच दिवशी यथेच्छ शिव्या दिल्या होत्या. परवा आम्ही दोघंही त्या भिंतीपासून हात मागे बांधून उभे होतो. काही बोललो नाही. तिरक्या टॉर्चच्या उजेडात अक्षरं छान दिसतात, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून आता मी सांगतोय.

बाहेर तो दगडी रांजण बघितला. त्यात जकातीची नाणी पडायची असं परंपरेने सांगतात. लेखाच्या वाचता येणाऱ्या भागात जकातीचं नाव नाही, पण एवढ्या गाई-घोड्यांना आणि कार्षापणांना पैसा लागला असणार, आणि तो या वाटेवरून चढत असणार, असं समजायला हरकत नसावी.

जीवधन आणि वानरलिंगी समोर बघत डबे खाल्ले आणि उन्हं कलायच्या आत उतरायला लागलो. फॉरवर्डवाला मित्र उतरताना बराच वेळ गप्प होता. खाली गाडीपाशी बुटातले खडे काढता काढता म्हणाला, "च्यायला, आता तो मेसेज पाठवणाऱ्या सगळ्यांना उत्तर द्यायला हवं."

दे बाबा. आणि खडूचंही सांग.