कराटे : शैली बदलली की सरावही बदलतो

शिरूर तालुक्यातील सणसवाडी हे पुणे-नगर रस्त्यावरील कारखान्यांचे गाव. अशा गावातील पालक पाळी सांभाळून मुलांसाठी कराटेचा वर्ग निवडतात, तेव्हा शुल्क आणि वेळ यांची चौकशी आधी होते; शैली कोणती, हा प्रश्न मागे राहतो. वास्तविक मुलाच्या शरीरावर कोणत्या प्रकारचा ताण पडणार, हे बरेचसे याच प्रश्नावर अवलंबून असते.

बहुतेक शैलींमध्ये सरावाची तीन अंगे असतात. ठोसे, लाथा आणि बचाव यांची उजळणी म्हणजे किहोन. ठरलेल्या क्रमाने एकट्याने करावयाच्या हालचाली म्हणजे काता. जोडीदाराबरोबरचा लढतीचा सराव म्हणजे कुमिते. शैलींमधील भेद मुख्यतः या तिन्हींच्या प्रमाणात आणि पद्धतीत आढळतो.

शोतोकान : गिचिन फुनाकोशी (१८६८-१९५७) यांनी १९२२ मध्ये ओकिनावाची ही विद्या टोकियोत सादर केली. या परंपरेत पवित्रे खोल व लांब असतात आणि दुरून झेपावत प्रहार केला जातो. त्यामुळे मांड्या व गुडघे यांच्यावर भार येतो. नवशिक्यांना हेयान मालिकेतील पाच काता शिकवले जातात. प्रहार अंगाला भिडण्यापूर्वी आवरणे, ही येथील महत्त्वाची शिस्त होय.

गोजू-ऱ्यू : चोजुन मियागी (१८८८-१९५३) यांच्या या शैलीच्या नावातच कठोर आणि मृदू असे दोन शब्द आहेत. लढतीचे अंतर कमी, पवित्रे आखूड आणि श्वासावर विशेष भर. सांचिन हा काता सावकाश, सर्वांग आवळून केला जातो. दांड्याच्या टोकाला वजन बसवलेले ‘चिइशी’ हे साधन पाहिले की आपल्या तालमीतील गदेची आठवण व्हावी.

शितो-ऱ्यू : केन्वा माबुनी (१८८९-१९५२) यांनी ओकिनावातील शुरी व नाहा या दोन्ही परंपरांचे शिक्षण घेतले. साहजिकच या शैलीत कातांची संख्या मोठी असून पाठांतर व अचूकता यांना महत्त्व आहे.

वादो-ऱ्यू : हिरोनोरी ओत्सुका (१८९२-१९८२) मूळचे जुजुत्सूचे अभ्यासक. म्हणून येथे प्रहार बळाने रोखण्यापेक्षा अंग वळवून चुकविण्याचे शिक्षण जोडीने दिले जाते.

क्योकुशिन : मासुतात्सु ओयामा (१९२३-१९९४) यांची ही शैली पूर्ण संपर्काची आहे. स्पर्धेत हाताने चेहऱ्यावर ठोसा मारण्यास मनाई असते. अंगावर मात्र पूर्ण जोराचे प्रहार होतात. मार सोसण्याची तयारी हा सरावाचाच भाग असल्याने लहान मुलांच्या बाबतीत संरक्षक साधने आणि वयाला साजेसे नियम अनिवार्य ठरतात.

या भेदांवर स्पर्धांचाही परिणाम झाला आहे. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये कराटेचा समावेश होता; २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो नव्हता. तेथे कुमितेत ठोशाला एक, शरीरावरील लाथेला दोन आणि डोक्यावरील लाथेला तीन गुण होते. केवळ अशा गुणांसाठी सराव करणारे वर्ग शैली कोणतीही असो, एकमेकांसारखे दिसू लागतात. काताचा अर्थ आणि जवळून करावयाचा बचाव मागे पडतो.

तेव्हा फलकावरील नावावर न थांबता पालकांनी एक तास वर्ग पाहावा. आरंभी अंग मोकळे करून घेतले जाते काय, थोरामोठ्यांचा व्यायाम लहानांवर लादला जातो काय, कुमितेत वय व वजन पाहून जोड्या लावतात काय आणि दुखापत सांगणाऱ्या मुलाला थांबू दिले जाते काय, हे पाहावे. शैली मुलाला कराटेची दिशा देते. त्याची सुरक्षितता मात्र शिकविणाऱ्याच्या विवेकावर अवलंबून असते.