सर्व्हरचे जोडमार्ग : वहनक्षमता आणि अखंडता यांचे विवेचन

प्रथम संज्ञा निश्चित करू. सर्व्हर आणि स्विच यांना जोडणारी एक केबल व तिच्या दोन टोकांचे पोर्ट यांस येथे 'मार्ग' म्हटले आहे. एका मार्गावरून एका सेकंदात जास्तीत जास्त जितके बिट जाऊ शकतात, ती त्याची 'वहनक्षमता'. व्यवहारातील शब्द बँडविड्थ. दोन संगणकांवरील दोन प्रोग्रॅममध्ये चालणारे एक संभाषण म्हणजे 'प्रवाह'. एखादा घटक निकामी झाला तरी सेवा चालू राहणे ही 'अखंडता'. अनेक मार्ग एकच मार्ग समजून वापरणे हा 'मार्गसंयोग'; सर्व्हरच्या बाजूस त्याला बाँडिंग किंवा टीमिंग म्हणतात, स्विचच्या बाजूस लॅग. आयट्रिपलईने त्याचे प्रमाणक २००० साली ८०२.३एडी या नावाने प्रसिद्ध केले. २००८ मध्ये ते ८०२.१एएक्स या स्वतंत्र प्रमाणकात गेले.

मार्गसंयोगापासून वहनक्षमता आणि अखंडता ही दोन्ही फळे मिळतात, असे सांगितले जाते. ते खरे आहे. मात्र दोन्ही फळे एकाच केबलीच्या नावे एकाच वेळी मांडणे म्हणजे एकच रुपया दोन खात्यांत जमा दाखवणे होय. पुढील विवेचन या भेदाचे आहे.

दृष्टांतासाठी नागपूरची रामदासपेठ घेऊ. रुग्णालये आणि निदानकेंद्रे यांची येथे इतकी दाटी आहे की, सर्व्हर म्हटल्यावर प्रथम सीटी आणि एमआरआयच्या प्रतिमा साठवणारा पॅक्स सर्व्हरच आठवावा. सीटीतील एक छेद सामान्यतः ५१२ × ५१२ बिंदूंचा असतो. प्रत्येक बिंदूस २ बाइट धरले, तर छेदाला ५,२४,२८८ बाइट लागतात. पातळ छेदांच्या एका तपासणीत असे १,००० छेद धरले, तर सुमारे ५२.४ कोटी बाइट होतात. १ गिगाबिटच्या मार्गाची क्षमता सेकंदाला १२.५ कोटी बाइट. पण १,४६० बाइट माहितीमागे तारेवर १,५३८ बाइटांचा काळ खर्च होतो, म्हणून हाती ११.८७ कोटी येतात. तपासणी सर्व्हरवर पोचण्यास सुमारे ४.४ सेकंद लागतात.

दुसरी केबल जोडल्यावर हा काळ २.२ सेकंदांवर यावा, ही अपेक्षा स्वाभाविक आहे आणि चुकीची आहे. सीटी यंत्र वैद्यकीय प्रतिमांच्या डायकॉम या प्रमाणकाच्या रीतीने सर्व्हरशी एक असोसिएशन उघडते आणि छेदामागून छेद त्याच एका टीसीपी जोडणीवरून पाठवते. हा एक प्रवाह झाला, आणि एक प्रवाह एकाच मार्गाने जातो. ४.४ सेकंद हे ४.४ सेकंदच राहतात.

याचे कारण क्रमरक्षणात आहे. एका संभाषणातील फ्रेमचा, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यांचा, क्रम मोडता कामा नये, अशी प्रमाणकाची अट आहे. फ्रेम आळीपाळीने दोन केबलींवर टाकल्या, तर मागून निघालेली आधी पोचण्याचा संभव राहतो. पलीकडून तीच पोच पुनःपुन्हा आली की टीसीपी ते माहिती हरवल्याचे लक्षण समजते, पुन्हा पाठवते आणि वेग उतरवते. लिनक्समधील राउंड-रॉबिन हा प्रकार ही किंमत मोजून एका प्रवाहाला अनेक मार्ग देतो. रुग्णालयात तो वापरण्याचे प्रयोजन दिसत नाही.

मग मार्ग ठरतो कसा? पत्त्यांच्या गणिताने. लिनक्स बाँडिंगचे मूळ धोरण लेयर-टू आहे : पाठवणारा व घेणारा यांच्या मॅक पत्त्यांच्या शेवटच्या बाइटांवर एक्सऑर ही क्रिया करून उत्तरास मार्गांच्या संख्येने भागावयाचे, बाकी उरते तो मार्गाचा क्रमांक. मार्ग दोन असतील, तर सारा निर्णय शेवटच्या एका बिटावर येतो. आता डॉक्टरांचे संगणक वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे राउटरपलीकडच्या जाळ्यात, आहेत असे समजा. त्यांच्याकडे जाणारी प्रत्येक फ्रेम आधी राउटरच्याच मॅक पत्त्यावर जाते. दोन्ही पत्ते स्थिर, म्हणून बाकीही स्थिर. पन्नास डॉक्टर प्रतिमा मागवत असले तरी सर्व्हरची दुसरी केबल जाण्याच्या दिशेने कोरडीच राहते. आयपी पत्ते आणि पोर्ट क्रमांक हिशेबात घेणारे लेयर-थ्री-प्लस-फोर हे धोरण निवडले की हा दोष जातो.

येथे एक उपभेद बहुधा विसरला जातो. सर्व्हरचे धोरण फक्त सर्व्हरमधून निघणाऱ्या फ्रेमना लागू होते. सर्व्हरकडे येणारी फ्रेम कोणत्या केबलीने यावी हे स्विच स्वतःच्या गणिताने ठरवतो. सीटीच्या प्रतिमा येणाऱ्या दिशेच्या आहेत. सर्व्हरवरील धोरण दहा वेळा बदलून येणाऱ्या वाहतुकीचा आलेख पाहत बसलेला तंत्रज्ञ चुकीच्या टोकाशी झगडत असतो.

गणित योग्य असले तरी वाटणी समान होतेच असे नाही. दोन मार्गांवर एकाच वेळी चार सारखे प्रवाह आले, तर १६ शक्यतांपैकी दोन-दोन अशी वाटणी ६ वेळा, तीन-एक अशी ८ वेळा आणि चारही एकाच मार्गावर अशी २ वेळा होते. एका प्रवाहाचे काम एकट्याने केल्यास लागणारा काळ १ मानला, तर सर्व कामे संपण्याचा सरासरी काळ २.७५ येतो. एका केबलीवर तो ४ असता, आदर्श वाटणीत २. केबली दुप्पट केल्या. लाभ सरासरीने दीडपटीहून किंचित कमी. प्रवाह शेकड्यांनी असतील तेव्हाच बेरीज दुपटीजवळ सरकते.

आता स्विच दोन. प्रमाणक दुसऱ्या टोकाला एकच यंत्रणा गृहीत धरते. दोन टोके मार्गसंयोग ज्या संदेशांनी जुळवतात त्या रीतीस एलएसीपी म्हणतात; तिच्या प्रत्येक संदेशात पाठवणाऱ्याची ओळख असते. दोन स्वतंत्र स्विचांकडून दोन ओळखी आल्या की सर्व्हर त्यांचे दोन गट करतो आणि लिनक्समध्ये त्यांतील एकच चालू राहतो. दिवे दोन्हीकडे हिरवे असतात. म्हणून प्रचलित प्रकार तीन. एक, सक्रिय-राखीव : एक मार्ग वाहतो, दुसरा वाट पाहतो, स्विचांना काही ठाऊक असण्याची गरज नाही. दोन, स्टॅक : दोन पेट्या, मेंदू एक, फर्मवेअर बदलताना दोन्ही एकदम बंद होण्याचा धोका येथे असतो, आणि ज्या रात्री अखंडता हवी त्याच रात्री ती नसते. तीन, एमलॅग, ज्याचे सिस्कोच्या नेक्ससमधील रूप व्हीपीसी : मेंदू दोन, परंतु सर्व्हरला ओळख एकच दाखवली जाते. दोन स्विचांमधील पीअर-लिंक तुटली आणि दोन्ही जिवंत असले, तर दुय्यम स्विचला आपले पोर्ट बंद करावे लागतात. त्यासाठी एकमेकांच्या जिवंतपणाची खूण देणारी वेगळी वाट लागते. ती पीअर-लिंकवरूनच नेली, तर तिचा उपयोग नाही.

बिघाड ओळखण्याच्या पायऱ्याही भिन्न आहेत. पोर्टचा दिवा विझला, तर १०० मिलिसेकंदांच्या तपासणीने ते लगेच कळते. मध्ये मीडिया कन्व्हर्टर असेल, तर पलीकडचे टोक मेले तरी दिवा जळत राहू शकतो; तेथे एलएसीपीचे संदेश थांबल्यावरच बोध होतो, संथ गतीत ९० सेकंदांनी, जलद गतीत ३ सेकंदांनी. लिनक्समध्ये मूळची मांडणी संथ आहे. सर्वांत फसवी तिसरी अवस्था : सक्रिय-राखीव रचनेत स्विच जिवंत, सर्व्हरकडील पोर्ट जिवंत, पण स्विचची वरची जोडणी तुटलेली. दिवा हिरवा आणि प्रतिमा बेपत्ता. येथे राउटरला एआरपीने विचारत राहणे किंवा वरची जोडणी गेल्यास खालचे पोर्टही बंद करण्याची सूचना स्विचला देणे, हेच उपाय. मे २०२४ मध्ये नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. नंतर हवामान खात्याने संवेदकाचा दोष सांगितला. पोर्टचा दिवा हाही एकटा संवेदकच आहे.

बिघाडाच्या समाईक कारणांचा विचार संक्षेपाने पुरे. नागपूरच्या वर्धा रोडवरील ३.१४ किलोमीटरच्या दुमजली पुलावर वर मेट्रो, खाली उड्डाणपूल, त्याखाली रस्ता. खांब मात्र एकच रांग. वाहतुकीस ती रचना उत्तम, अखंडतेचा नमुना म्हणून नव्हे. दोन स्विच एकाच यूपीएसवर, एकाच एक्स्टेन्शन बोर्डात आणि जिन्याखालच्या एकाच कपाटात असतील, तर एका बंद पडलेल्या एसीसाठी आणि नागपूरच्या मे महिन्यासाठी ते दोन नाहीत.

आता हिशेब. १० गिगाबिटच्या दोन केबली दोन स्विचांना लावल्या, तर अखंडता हवी असल्यास जमा बाजूस १० च लिहावयाचे. सर्वाधिक भार १४ गिगाबिट असेल, तर एक स्विच जाताच ४ गिगाबिटांना वाट राहत नाही. तसा भार खरोखर येत असेल, तर प्रत्येक स्विचकडे दोन केबली हव्यात. नेहमीच्या दिवशी मिळणारी जादा क्षमता वापरण्यास हरकत नाही, तिच्यावर विसंबण्यास आहे. चाचणीत केबल उपटणे पुरेसे नाही, कारण त्याने फक्त दिवा विझतो. सीटीची एक तपासणी जात असताना आधी एका स्विचची वीज काढावी, नंतर त्याची वरची जोडणी, नंतर पीअर-लिंक. प्रत्येक वेळी प्रतिमा किती सेकंद थांबल्या ते लिहावे. कन्व्हर्टर असलेल्या वाटेवर हा आकडा ९० च्या आसपास आला, तर केबल बदलण्यापूर्वी सर्व्हरवरील एलएसीपीची गती पाहावी. ती बहुधा संथच राहिलेली असते.