परवच्यापासून प्रगतिपुस्तकापर्यंत

आज बोलू या शाळेतल्या परीक्षेविषयी. आपलं पोर खरंच शिकतंय की दप्तर घेऊन नुसतं जाऊन येतंय, हे आईला कळायचं कसं? हा प्रश्न जुना आहे, आणि त्याचं उत्तर काळाप्रमाणं बदलत गेलंय.

इंग्रजांचं राज्य येण्याआधी गावात पंतोजींची शाळा असायची. धूळपाटीवर अक्षरं गिरवायची, मोडी शिकायची, पावकी, निमकी, सवायकी, दिडकी तोंडपाठ करायची. दिवेलागणीला घरी परवचा म्हणायचा. आईला अक्षर कळत नसलं, तरी भाकरी थापता थापता तिच्या ध्यानात यायचं, की पोरगं एकोणतिसाच्या पाढ्यात अडखळलं. पण परवचा म्हणणारा तो मुलगाच. मुलीला शाळा नव्हती.

ती वाट मोकळी केली आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या लेकीनं. सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. १८५२ साली त्यांच्या शाळांतल्या मुलींची जाहीर परीक्षा झाली. मुलीला शिकता येतं का, अशी शंका काढणाऱ्यांना मुलींनी चारचौघांत उत्तर दिलं.

पुढं सरकारी शिक्षणखातं आलं. खासगी शाळांचं अनुदान परीक्षेच्या निकालावर ठरू लागलं. शाळा तपासायला दिपोटी यायचे. सातवीला व्हर्नाक्युलर फायनल असायची. ती पास झाली की प्राथमिक शाळेत मास्तरकी मिळू शकायची. वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके तेव्हा सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा वेगळा झाला, आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं.

जिल्हे बदलले, पण निकालाचा शब्द तोच राहिला : पास किंवा नापास. नेमकं काय अडलं, ते या शब्दातून घरी कळत नव्हतं. मुलगा नापास झाला तर पुन्हा त्याच वर्गात बसायचा. मुलगी नापास झाली की कितीतरी घरांत म्हणायचे, ‘बास झाली आता शाळा.’ एका शब्दावर पोरीचं शिक्षण संपायचं.

१ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्क कायदा लागू झाला. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही, मात्र वर्षभर सतत बघत राहायचं, असं ठरलं. ऑगस्ट २०१० मध्ये राज्यानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं. पहिली-दुसरीला ७० गुण वर्गातल्या रोजच्या कामाचे, ३० गुण सत्राच्या शेवटच्या चाचणीचे. पुष्कळांना वाटलं, परीक्षाच गेल्या. खरं तर आता रोजच तपासायचं होतं.

सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषदेच्या शाळांनी हे करून दाखवलं. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकारानं तिथले शिक्षक मुलांच्या हाती वस्तू देऊन शिकवू लागले, आणि कोण कुठं अडलंय ते पाहून पुढचं ठरवू लागले. ते बघायला राज्यभरातून शिक्षक आले. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. त्यात पायाभूत चाचणी आली : मागच्या इयत्तेतलं किती येतं हे पाहायचं आणि तिथून शिकवायला लागायचं.

२०२३ साली नियम पुन्हा बदलला. आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. मूल त्यात कमी पडलं तर दोन महिन्यांत फेरपरीक्षा, आणि तीही जमली नाही तर पुन्हा तोच वर्ग. म्हणून सांगते, पाचवीच्या निकालाची वाट बघू नका. तिसरीतल्या पोरीला वाचता येत नसेल, तर ते तिसरीतच कळायला हवं.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि समितीत निम्म्या बायका असाव्यात असं कायदा सांगतो. तिथं नुसती सही करून उठू नका. प्रगतिपुस्तकात ‘ब-२’ लिहिलं असेल, तर गुरुजींना किंवा बाईंना तीन गोष्टी विचारा : हिला काय येतं? काय अडलंय? त्यासाठी पुढच्या महिन्यात काय करणार? माण, आटपाडी, जतकडून ऊसतोडीला किंवा मेंढरांमागं जाणाऱ्यांनी निघताना शिक्षण हमी कार्ड मागून घ्यावं, म्हणजे नव्या गावच्या शाळेत पोराची अडवणूक होणार नाही.

आणि रोज संध्याकाळी पोरीला धड्यातल्या चार ओळी मोठ्यानं वाचायला लावा. एक हातच्याची वजाबाकी घाला. तुम्हाला वाचता येत नसलं तरी ती कुठं थांबते, हे कानाला कळतंच. ती जिथं थांबली, तेवढं दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन सांगा.