पॉल गिन्सपार्ग : विज्ञानाचे पेपर सगळ्यांसाठी खुले करणारा माणूस

फोनवर ‘स्टोरेज फुल’ असा मेसेज आला की आपण काय करतो? फॅमिली ग्रुपवरचे गुड मॉर्निंगचे फोटो डिलीट करतो आणि पुढे जातो. १९९१ साली मुंबईतल्या एका भौतिकशास्त्रज्ञाला अशीच स्टोरेजची काळजी वाटली होती. त्यांनी ती बोलून दाखवली, एका अमेरिकन शास्त्रज्ञाने ती ऐकली, आणि त्यातून जी गोष्ट उभी राहिली ती आज जगभरचे संशोधक रोज सकाळी उघडतात. तिचं नाव अर्काइव्ह. स्पेलिंग मात्र ए-आर-एक्स-आय-व्ही. मधला एक्स हा ग्रीक ‘काय’ आहे, म्हणून उच्चार ‘अर्काइव्ह’.

या लेखात ते बनवणाऱ्या पॉल गिन्सपार्ग यांची ओळख करून घेऊया.

थोडक्यात ओळख

- जन्म : १९५५, अमेरिका
- शिक्षण : हार्वर्डमधून पदवी, कॉर्नेलमधून पीएचडी (१९८१). मार्गदर्शक केनेथ विल्सन, ज्यांना १९८२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं
- नोकरी : हार्वर्ड, मग १९९० पासून लॉस अलामॉस राष्ट्रीय प्रयोगशाळा, २००१ पासून कॉर्नेल विद्यापीठ
- मुख्य काम : १४ ऑगस्ट १९९१ रोजी अर्काइव्हची सुरुवात
- सन्मान : मॅकआर्थर फेलोशिप (२००२), आइनस्टाइन फाउंडेशन अवॉर्ड (२०२१)

मला हे नाव कसं कळलं

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी आम्हा चौघांचा प्रोजेक्ट होता : हाताने लिहिलेली देवनागरी अक्षरं ओळखणारा प्रोग्राम. एक पेपर हवा होता. सापडलाही. पण पीडीएफवर क्लिक केलं तर तीसहून जास्त डॉलर मागत होते. म्हणजे दोन हजारांच्या वर रुपये, एका पेपरचे. तेवढ्यात माझी महिन्याची मेस निघायची. कॉलेजच्या लायब्ररीकडे ते जर्नल नव्हतं. गाइड सर म्हणाले, ॲबस्ट्रॅक्ट वाचून भागवा.

मग एका सीनियरने व्हॉट्सॲपवर सांगितलं, ‘टायटलच्या पुढे अर्काइव्ह लिहून सर्च मार.’ मारला. तोच पेपर, त्याच लेखकांनी टाकलेला, फुकट. त्या दिवशी मला पहिल्यांदा प्रश्न पडला की हे फुकट ठेवतं तरी कोण, आणि का?

आधी हे कसं चालायचं?

पेपर लिहिणाऱ्या संशोधकाला जर्नलकडून साधारणपणे मानधन मिळत नाही. तो तपासणारे इतर संशोधकही बहुतेक वेळा फुकटच काम करतात. तरी छापून आल्यावर वाचायला पैसे पडतात. शिवाय तपासणी आणि छपाई यात महिनेच्या महिने जातात.

म्हणून भौतिकशास्त्रज्ञांनी एक पळवाट काढली होती : प्रीप्रिंट. पेपर जर्नलला पाठवतानाच त्याच्या झेरॉक्स काढायच्या आणि ओळखीच्या संस्थांना पोस्टाने पाठवायच्या. गोची अशी की यादीत मोठ्या विद्यापीठांची नावं आधी. हार्वर्डमध्ये बसलेल्याला नवी कल्पना आठवड्यात कळायची. मुंबईत किंवा एखाद्या छोट्या कॉलेजात बसलेल्याला ती उशिरा कळायची, किंवा कळायचीच नाही. स्पर्धा एकच, पण काहींना पेपर आधीच फुटलेला.

१९८० च्या दशकात ईमेलचा वापर वाढला. जोॲन कोन या भौतिकशास्त्रज्ञ स्ट्रिंग थिअरीचे नवे पेपर गोळा करून लोकांना ईमेलने पाठवू लागल्या. हाताने, एकेक करून.

एक साधी तक्रार

जून १९९१. कोलोरॅडोतल्या ॲस्पेनला भौतिकशास्त्रज्ञ जमले होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे स्पेंता वाडिया तिथे होते. बोलता बोलता ते म्हणाले, की आपण प्रवासात असताना ईमेलने येणाऱ्या पेपरांनी संगणकावरची आपल्या वाट्याची जागा भरून जाईल की काय, ही भीती वाटते. हे बोलणं आपल्या डोक्यात राहिलं, असं गिन्सपार्ग यांनीच नंतर लिहून ठेवलंय.

त्यांनी उलटा विचार केला. प्रत्येकाला पूर्ण पेपर पाठवायचाच कशाला? पेपर एका मशीनवर ठेवू. लोकांना फक्त नाव आणि सारांश पाठवू. ज्याला हवा तो मागून घेईल. आपल्या भाषेत सांगायचं तर ग्रुपवर दोनशे एमबीचा व्हिडिओ न टाकता ड्राइव्हची लिंक टाकायची.

त्यांनी काही स्क्रिप्ट लिहिल्या आणि लॉस अलामॉसमधल्या एका नेक्स्ट कंपनीच्या संगणकावर सिस्टिम सुरू केली. पत्ता होता ‘एक्स एक्स एक्स डॉट लॅनल डॉट गव्ह’. नावावर जाऊ नका, आत फक्त भौतिकशास्त्र होतं! ईमेल पाठवायचा, मशीन आपोआप उत्तर देणार. वेब इंटरफेस आला १९९३ मध्ये. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळायला १५ ऑगस्ट १९९५ उजाडावा लागला, म्हणजे अर्काइव्हला चार वर्षं होऊन गेल्यावर.

सुरुवातीचा बेत तर असा होता की पेपर तीन महिने ठेवायचे आणि काढून टाकायचे. ते काही काढले गेले नाहीत. आज तिथे २५ लाखांहून जास्त पेपर आहेत आणि महिन्याला २० हजारांच्या वर नवे येतात. भौतिकशास्त्राबरोबर गणित, कॉम्प्युटर सायन्स, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र असे विषयही आलेत. टाकायला पैसे नाहीत, वाचायलाही नाहीत.

‘सरासरी’ कर्मचारी

आता या करिअरमधला मला सगळ्यात जास्त टोचणारा भाग. दहा वर्षं हे सगळं चालवल्यावर लॉस अलामॉसमध्ये त्यांच्या कामाचं मूल्यमापन झालं. शेरा काय? सहकाऱ्यांच्या तुलनेत अगदी सरासरी, संगणकाचं काही खास कौशल्य नाही, आणि बाजारभावापेक्षा पगार जास्त.

२००१ मध्ये ते कॉर्नेलला गेले आणि अर्काइव्हही सोबत नेलं. पुढच्याच वर्षी मॅकआर्थर फेलोशिप मिळाली.

मी स्वतः दर वर्षी अप्रेझलचा फॉर्म भरतो, त्यामुळे हा किस्सा मला फक्त विनोद वाटत नाही. फॉर्ममध्ये ‘दुसऱ्यांना उपयोगी पडेल असं काहीतरी फुकट उभं केलं’ असा रकाना नसतो. पेपर छापले तर मोजले जातात, दुसऱ्यांचे पेपर पोचवले तर नाही. खुल्या विज्ञानासाठी काम करणाऱ्यांची अडचण आजही थोडीफार हीच आहे.

यातून काय काय बाहेर आलं?

नोव्हेंबर २००२ मध्ये ग्रिगोरी पेरेलमन या रशियन गणितज्ञाने अर्काइव्हवर एक पेपर टाकला, पुढच्या वर्षी आणखी दोन. जवळजवळ शंभर वर्षं अडलेलं पॉइनकारे अनुमान त्यात सिद्ध झालं होतं. त्याने ते जर्नलला कधी पाठवलेच नाहीत. जगभरच्या गणितज्ञांनी अर्काइव्हवरूनच घेऊन तपासले.

दुसरं उदाहरण तुमच्या खिशातलं. चॅटजीपीटीमधला ‘टी’ म्हणजे ट्रान्सफॉर्मर. त्याचा मूळ पेपर जून २०१७ मध्ये अर्काइव्हवर आला. आठ लेखक, त्यातल्या एक निकी परमार, पुण्याच्या पीआयसीटीतून शिकलेल्या. त्या दिवशी हा पेपर जितका सिलिकॉन व्हॅलीला मिळाला, तितकाच नांदेडच्या हॉस्टेलमध्येही मिळू शकत होता.

आणि तिसरी गोष्ट डेटाची. अर्काइव्ह पीडीएफ तर देतंच, पण बहुतेक पेपरांच्या मूळ टेक फाइलही देतं. २०२० पासून पूर्ण संग्रह कॅगलवर डेटासेट म्हणूनही उपलब्ध आहे. स्वतः गिन्सपार्ग यांनी या डेटावर संशोधन केलं. कोण कुणाचा मजकूर किती उचलतं, हे त्यांनी एका सहकाऱ्याबरोबर तपासलं. आणखी एका अभ्यासात दिसलं की रोजच्या यादीत सगळ्यात वर आलेल्या पेपरचा पुढे इतर संशोधक जास्त उल्लेख करतात. म्हणून काही लोक आदल्या दिवसाची मुदत संपली की लगेच पुढच्या सेकंदाला पेपर टाकतात. अगदी तात्काळ तिकिटासारखं.

फुकट आहे म्हणजे खरं आहे का?

नाही! हे नीट लक्षात ठेवा. अर्काइव्हवर मॉडरेटर असतात. पेपर योग्य विषयात आहे का, शास्त्रीय लेखनासारखा आहे का, एवढं ते बघतात. त्यातला दावा बरोबर आहे का, याची जर्नलसारखी तपासणी होत नाही.

जुलै २०२३ मधलं ‘एलके-९९’ आठवतंय? साध्या तापमानाला, साध्या दाबाला चालणारा सुपरकंडक्टर सापडला, असा दावा कोरियन संशोधकांनी अर्काइव्हवर केला. सोशल मीडिया पेटला. मग जगभरच्या प्रयोगशाळांनी तो पदार्थ बनवून पाहिला, त्यात दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळाही होती. काही आठवड्यांतच कळलं की तसं काही नाही. दावा उघड्यावर आला तसा तो तपासलाही उघड्यावरच गेला. पण पहिल्याच दिवशी रील बघून ‘जग बदललं’ म्हणणाऱ्यांची फजिती झाली.

फोनवर पेपर कसा वाचायचा?

१. अर्काइव्ह डॉट ऑर्गवर जा आणि विषय सर्च करा. लॉगिन लागत नाही.

२. पेपरचा नंबर बघा. ‘१७०६.०३७६२’ म्हणजे २०१७ चा सहावा महिना, आणि पुढे त्या महिन्यातला क्रमांक. हाच तो ट्रान्सफॉर्मरचा पेपर.

३. नंबरापुढे ‘व्ही१’, ‘व्ही२’ दिसलं तर त्या आवृत्त्या आहेत. नवी वाचा, पण जुनीही तिथेच असते. गिटमध्ये जुने कमिट राहतात तसं.

४. पीडीएफ फोनवर वाचताना झूम करून डोळे दुखतात. डिसेंबर २०२३ पासून बऱ्याच नव्या पेपरांना एचटीएमएल आवृत्ती असते, ती उघडा.

५. पेपर नंतर जर्नलमध्ये आला असेल तर लेखक बऱ्याचदा तशी नोंद करतात. ती दिसली नाही तर दावा जरा जपूनच शेअर करा.

आता आपल्याकडे काय?

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ₹६,००० कोटी, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स. सरकारी कॉलेजमध्ये असाल तर लायब्ररीत चौकशी करा, तुमच्या हक्काचं आहे. पण योजना केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांसाठी आहे. मी शिकलो तशा खासगी कॉलेजातल्या पोरांना, किंवा नोकरी करून स्वतः शिकणाऱ्यांना, त्याचा थेट फायदा नाही. आणि वर्गणी ती वर्गणीच. भरायची थांबली की दार बंद. अर्काइव्हवर जे आहे त्याला दारच नाही.

आमचा प्रोजेक्ट पूर्ण झाला, मार्क बरे पडले. कोड मात्र चौघांपैकी कुणीच कुठे टाकला नाही. तो एका जुन्या लॅपटॉपवर होता, लॅपटॉप गेला, कोडही गेला. आज एखाद्या ज्युनिअरने देवनागरी अक्षरांसाठी मदत मागितली तर द्यायला माझ्याकडे काहीच नाही. आम्ही फुकट घेतलं आणि परत काही ठेवलं नाही.

तुमचा प्रोजेक्ट संपला की एवढं करा. रिपोर्ट, कोड आणि डेटा गिटहबवर किंवा झेनोडोवर टाका. डेटात कुणाची वैयक्तिक माहिती असेल तर ती आधी काढा. लायसन्स लिहा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि सबमिशनच्या रात्रीच उरकून टाका, नंतर होत नाही.