मुंबई दाखवावी कशी?

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईकराच्या घरी पाहुणे उतरतात आणि त्यांना मुंबई दाखवण्याचे काम घरातल्या कुणा एकावर येऊन पडते. कार्यक्रम ठरलेलाच असतो. गेटवे, राणीचा बाग, हँगिंग गार्डन आणि संध्याकाळी चौपाटीवरची भेळ. त्यात वावगे काही नाही. परंतु एवढे पाहून परतलेल्या पाहुण्याला मुंबईच्या इमारती दिसतात, मुंबई झाली कशी ते कळत नाही. हे शहर पाण्याशी झगडून उभे राहिले. खारे पाणी हटवावे लागले आणि गोडे पाणी आणावे लागले. म्हणून एक दिवस तरी पाहुण्यांना पाण्याच्या वाटेने फिरवावे.

सुरुवात वाळकेश्वरला बाणगंगेपासून करावी, आणि तीही सकाळी. ऑक्टोबर सरला तरी मुंबईचे ऊन दहानंतर सोसवत नाही. तहान भागवण्यासाठी रामाने बाण मारून हे पाणी काढले, अशी आख्यायिका आहे. समुद्र चार पावलांवर असताना इथले पाणी गोडे राहते, एवढ्यावरूनच ती कथा का रुजली ते ध्यानात येते. जुने देऊळ नष्ट झाल्यावर आजचे देऊळ रामा कामत या सारस्वत व्यापाऱ्याने १७१५च्या सुमारास बांधवले. सात बेटांच्या या मुलखात गोड्या पाण्याची जागा ही देवाचीच जागा ठरली, यात नवल ते काय!

ही बेटे इंग्रजांना लढून मिळालेली नव्हती. पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन हिच्या विवाहाच्या करारात, १६६१ साली, ती इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला आंदण मिळाली. त्याने १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. भरतीच्या वेळी निम्मी जमीन पाण्याखाली जाई, हे लक्षात घेतले म्हणजे ते भाडे तितकेसे हास्यास्पद वाटत नाही.

बाणगंगेहून महालक्ष्मीला यावे. देवळाजवळून हाजी अलीकडे जाणारा जो रस्ता आज लाला लजपतराय मार्ग म्हणून ओळखला जातो, तो मुळात एक बांध आहे. महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधल्या खिंडारातून समुद्र आत घुसे. विल्यम हॉर्नबी हा गव्हर्नर असताना ते बुजवण्यात आले आणि १७८४च्या सुमारास काम पुरे झाले. बांध वारंवार ढासळू लागला, तेव्हा रामजी शिवजी या पाठारे प्रभू गृहस्थाला देवीने दृष्टांत दिला, समुद्रातून मूर्ती काढल्यावरच बांध टिकला, अशी कथा सांगतात. सरकारदरबारी नाव राहिले हॉर्नबीचे, लोकांच्या स्मरणात राहिली देवी. शेजारीच हाजी अलीचा दर्गा. त्याची वाट आजही भरतीला पाण्याखाली जाते. बांधापूर्वीची मुंबई कशी असेल, हे पाहुण्यांना दाखवायला याहून सोपा धडा नाही.

त्या खिंडारातून आलेले पाणी कुठवर जाई, हे पाहायचे तर तिथून थेट पायधुणीला जावे. आज तिथे कापडाच्या दुकानांची आणि हातगाड्यांची गर्दी असते. पाण्याचा मागमूसही नाही. पण मुंबई बेटावर येणारा माणूस तिथली उथळ खाडी ओलांडी आणि चिखलाचे पाय धुऊन पुढे जाई, म्हणून ते पायधुणी. वाटेत लागणारा कामाठीपुराही अशाच सखल जमिनीवर वसलेला. बांधकामावर राबायला आलेल्या तेलंगी कामाठ्यांची ती वस्ती. मुंबईच्या इतिहासात मातीची पाटी उचलणाऱ्यांचे नाव क्वचितच लागते. इथे ते एका मोहल्ल्याला तरी लागले.

खारे पाणी हटले, तरी गोड्याची पंचाईत उरलीच. धोबीतलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावे म्हणजे एकेकाळच्या तळ्यांची यादी आहे. १८५४च्या टंचाईत विहिरी-तळी आटली, गुरे शहराबाहेर हलवण्याची पाळी आली. त्यातून विहारचे धरण निघाले. १८५६ साली काम सुरू झाले आणि १८६० मध्ये नळाला पाणी आले. पुढे तीनच वर्षांनी, १८६३ साली, गोविंद नारायण माडगांवकरांनी ‘मुंबईचे वर्णन’ छापले. पाहुण्याच्या हाती द्यावे असे मराठीतले पहिले मुंबईदर्शन ते हेच. नळ आल्यावर तळी हळूहळू निरुपयोगी झाली, डासांचे आगर ठरली आणि बुजली. गोवालिया टँकचे मैदान झाले, आणि त्याच मैदानावर ऑगस्ट १९४२ मध्ये ‘छोडो भारत’ची हाक घुमली.

संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर बसावे. हा किनाराही भरावाचाच. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात बॅकबेच्या भरावात पैशाची जी उधळपट्टी चालली होती, ती खुर्शेद फ्रामजी नरीमन यांनी चव्हाट्यावर आणली. हार्वी नावाच्या इंजिनिअराने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला. नरीमन त्यातून निर्दोष सुटले. पुढे तिथेच आणखी भराव पडून जे टोक तयार झाले, त्याला नरीमन पॉइंट हे नाव मिळाले. भरावाच्या कारभाराविरुद्ध लढलेल्या माणसाचे नाव भरावालाच!

तिथून २०२४ साली खुला झालेल्या सागरी किनारा मार्गाने वरळीला जावे. हाही समुद्रात भर घालूनच झाला. मार्गाचे काम चालू असताना वरळी कोळीवाड्यातील मच्छीमारांनी हरकत घेतली होती, की पुलाच्या दोन खांबांमध्ये ६० मीटरच अंतर ठेवलेत, तर आमच्या होड्या जाणार कशा? त्यांनी हट्ट सोडला नाही, आणि अखेर ते अंतर १२० मीटर करण्यात आले. दोन-अडीचशे वर्षांच्या या इतिहासात, पाणी हटवण्यापूर्वी त्या पाण्यावर जगणाऱ्याचे म्हणणे ऐकून घेतल्याचे प्रसंग फार थोडे आहेत.

त्यांचे म्हणणे ऐकण्यात आपलाही स्वार्थ आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदी पात्र सोडून घराघरांत शिरली. तिच्या काठची दलदल बुजवून आपण तिथे मोठमोठ्या कचेऱ्या बांधल्या होत्या. सखल जागा बुजवता येते, पण पाण्याला जायला दुसरी वाट द्यावी लागते. ती कोणती, हे प्रत्येक नव्या भरावाच्या आधी विचारलेच पाहिजे.

म्हणून पाहुण्यांना गेटवे अवश्य दाखवा, भेळही खाऊ घाला. पण पायधुणीला क्षणभर थांबवून हे नाव का पडले, हे त्यांच्या मुलांना विचारा. मुलांना उत्तर येणार नाही. ते आपण द्यायचे. आणि ते देण्यापूर्वी आपल्या स्वतःच्या घराखाली पूर्वी काय होते, तेही एकदा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून ठेवावे.