इंजिनिअरांची सभा आणि गावची भिंत

मंडळी, नळदुर्गचा किल्ला तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. शिक्षकांनी तर मुलांची सहल घेऊन तिथे एकदा तरी शिदोरी सोडली असेल. पावसाळ्यात बोरी नदी भरून आली, की किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून पाणी दोन धारांनी कोसळते. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल आहे. बाहेर पाण्याचा लोट आणि आत माणूस कोरडा! विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या अमदानीत, सतराव्या शतकाच्या आरंभी, हे काम झाले आणि आजही ते उभे आहे.

हे काम पाहून आपण तोंडात बोट घालतो. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. पाया कसा घेतला, चुना कसा मळला, पुराचा अदमास कसा बांधला, ही विद्या त्या काळी उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी जाई. शागिर्द हुशार निघाला तर ती वाढे. वारसच उरला नाही तर उस्तादाबरोबर मातीत जाई. काम मागे राही, कामाची विद्या गावात राहीलच असे नसे. एकट्याच्या डोक्यातली विद्या दहा जणांची व्हावी, तिची वही राहावी, तिच्यावर वाद व्हावा, यासाठी काय करावे? इंजिनिअर लोकांच्या संस्था निघाल्या त्या याच गरजेतून. त्यांचीच हकिगत आज सांगायची आहे. ती फिरून शेवटी आपल्याच जिल्ह्यातल्या एका भिंतीपाशी येते.

सुरुवात लंडनची. २ जानेवारी १८१८ रोजी फ्लीट स्ट्रीटवरच्या एका कॉफीच्या दुकानात काही तरुण इंजिनिअर जमले. रस्ते, कालवे, पूल यांची कामे जोरात होती. पण या धंद्याचे शिक्षण मिळेल अशी शाळा नव्हती. तेव्हा आपणच एकमेकांना शिकवू, असे त्यांनी ठरवले आणि संस्था काढली. दोन वर्षे ती रडतखडत चालली. मग १८२० साली टॉमस टेलफर्ड यांना अध्यक्षपद दिले, तेव्हा तिला बाळसे आले. हे टेलफर्ड कोण? मेंढपाळाचा मुलगा, आणि हाताने दगड घडवणारा गवंडी. इंजिनिअरांच्या पहिल्या मोठ्या संस्थेचा पहिला अध्यक्ष मुळात गवंडी होता, ही गोष्ट शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावी.

आपल्या देशात ही कल्पना रुजायला शंभर वर्षे गेली. कॉलेजे आधी निघाली. पुण्याचा इंजिनिअरिंगचा वर्ग १८५४ सालचा. पण देशभरच्या इंजिनिअरांची मिळून एक संस्था असावी, हा विचार सर टॉमस हॉलंड यांच्या औद्योगिक आयोगाच्या काळात, म्हणजे १९१६ ते १९१८ च्या दरम्यान, पुढे आला. १३ सप्टेंबर १९२० रोजी मद्रासला ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्स (इंडिया)’ या संस्थेची नोंदणी झाली. २३ फेब्रुवारी १९२१ रोजी कलकत्त्याला व्हाइसरॉय लॉर्ड चेम्सफर्ड यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले आणि १९३५ साली तिला राजसनद मिळाली.

या संस्थेने एक काम मोठे मोलाचे केले. १९२८ पासून तिने स्वतःच्या परीक्षा सुरू केल्या. ज्याला कॉलेजात चार वर्षे घालवणे परवडत नाही असा ओव्हरसियर, नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन, कारखान्यातला कामगार, यांनी नोकरी सांभाळून रात्री अभ्यास करावा, अ आणि ब असे दोन विभाग पार करावेत आणि पदवीधराच्या पंगतीला बसावे, अशी ती सोय होती. पुढे २०१३ नंतरच्या नोंदणीपुरते या परीक्षेच्या सरकारी मान्यतेचे नियम बदलले. पण कित्येक वर्षे गरिबाच्या हुशार पोराला इंजिनिअर होण्याची ही मागल्या दाराची नव्हे, चांगली पुढल्या दाराची वाट होती.

आता तुम्ही म्हणाल, कलकत्त्याच्या संस्थेशी आमचा काय संबंध? तो संबंध जोडते ती शाखा. ज्या गावी पुरेसे सभासद असतील तिथे स्थानिक केंद्र निघते. सभासद आपल्यातून अध्यक्ष निवडतात, समिती निवडतात आणि एकाच्या गळ्यात मानद सचिवाचे काम घालतात. ‘मानद’ म्हणजे पगार नाही, बरं का! सभेची पत्रे याने धाडायची, दिवाणखाना याने मागायचा, व्याख्याता याने आणायचा, इतिवृत्त याने लिहायचे, वर्गणी याने गोळा करायची आणि वर्षअखेरीस पै-पैचा हिशेबही यानेच द्यायचा. शाखा चालते ती अशा एखाद्या चिवट सचिवाच्या जिवावर. त्याची बदली झाली की दप्तर कपाटात जाते आणि कपाटाची किल्ली हरवते. आपल्याकडे सरकारी इंजिनिअर दर तीन-चार वर्षांनी बदलून जातो, म्हणून छोट्या गावच्या शाखेचे हे दुखणे जुनेच आहे.

धाराशिव जिल्ह्याची गोष्ट तर आणखी निराळी. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. पूल, रस्ता, तलाव, सगळ्याचा कागद हैदराबादला जायचा. त्या हैदराबादेत २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसा नदीला महापूर आला आणि हजारो माणसे वाहून गेली. तेव्हा निजामाने बोलावले ते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना. ते पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात उमेदवारी केलेले. नदीच्या वरच्या अंगाला पाणी अडवून शहर वाचवावे, अशी योजना त्यांनी दिली; तिच्यातून उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव झाले. त्यांचा जन्मदिवस १५ सप्टेंबर. १९६८ पासून तो देशभर अभियंता दिन म्हणून पाळतात. पुढे १९५६ साली आपला जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. कागद हैदराबादऐवजी मुंबईला जाऊ लागला. पण दूरच्या शहरात जमा झालेली विद्या खेड्यातल्या गवंड्याच्या हातापर्यंत कशी पोचावी, हा प्रश्न तसाच राहिला.

या प्रश्नाचे उत्तर न सापडल्याची किंमत आपण १९९३ साली दिली.

११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला भूकंप झाला, तेव्हा दख्खनचे पठार अचल आहे हा समज डळमळला होता. भूकंपाचा विचार करणारी इंजिनिअरांची संस्था त्याआधीच, १९६२ साली, रुडकीला निघाली होती. भूकंपात इमारत कशी टिकवावी याचे भारतीय मानकही १९६७ सालीच छापून झाले होते. म्हणजे विद्या होती. पण भूकंपाच्या नकाशात लातूर-धाराशिवचा मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात घातलेला होता. नकाशाच म्हणतो धोका नाही, मग गवंड्याला कोण सांगणार? १९९२ च्या ऑक्टोबरात किल्लारीच्या परिसरात अनेक धक्के बसले. जमिनीतून आवाज येतात, असे लोक सांगत होते. तरीही गावातल्या भिंती होत्या तशाच राहिल्या.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली. गणपती बोळवून माणसे दमून निजली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी जमीन हादरली. लातूर जिल्ह्यातले किल्लारी, तेव्हाच्या उमरगा तालुक्यातली सास्तूर, होळी, राजेगाव अशी गावे जमीनदोस्त झाली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे गेली. अभियंता दिनाला तेव्हा पंधराच दिवस झाले होते.

माणसे मारली कुणी? भूकंपाने जमीन हलवली. मारले ते भिंतीने आणि माळवदाने. आपले माळवदाचे घर तुम्हाला माहीत आहे. उन्हाळ्यात गार, वर धान्य वाळवायला ऐसपैस जागा. पण त्याचा हिशेब शिक्षकांनी एकदा फळ्यावर मांडावा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोली. वर दीड फूट माती. झाले दीडशे घनफूट. एक घनफूट दाबलेली माती पंचेचाळीस किलो धरली, तर पावणेसात हजार किलो होते. शंभर किलोची सदुसष्ट पोती आपण डोक्यावर रचून त्याखाली निजतो! गळू नये म्हणून दर एक-दोन वर्षांनी वर नवी माती टाकली की हा भार वाढतच जातो.

आणि तो भार कशाशेजारी? दोन-तीन फूट जाडीची भिंत दिसायला किल्ल्यासारखी. पण आत पाहाल तर ती एक भिंत नाही, दोन भिंती आहेत. बाहेरचा दगडी थर वेगळा, आतला वेगळा, मधे दगडगोटे आणि चिखल. दोन्ही थरांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड नाही. कोपऱ्यात दोन भिंतींची गुंफण नाही. धक्का बसला की दोन्ही थर फुगतात, एकमेकांपासून सुटतात आणि ढासळतात. जिथे लाकडी खांब-तुळ्यांचा सांगाडा चांगला जोडलेला होता, तिथे भिंत पडूनही माळवद काही ठिकाणी वरच तरले. म्हणजे दगड वाईट नव्हता, लाकूड वाईट नव्हते. जोडणी वाईट होती.

पुढचे काम फार मोठे होते. बावन्न गावे नव्या जागी वसवली. सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुती करण्याचा कार्यक्रम झाला. पण इंजिनिअरांना एक अडचण आली, ती त्यांच्या पुस्तकात नव्हती. लोक दगडाला भ्याले होते. ज्या दगडाखाली लेकरू गेले त्याचे घर पुन्हा नको, सिमेंट-काँक्रीटच हवे, असे ते म्हणत. त्यांचे चुकत होते असे कोण म्हणेल? तेव्हा दगडाच्याच घराला आरपार दगड घालून, दारा-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींभोवती काँक्रीटचा सलग पट्टा बांधून, माळवदावरची माती कमी करून, हे घर आता का पडणार नाही ते दाखवावे लागले. गवंड्यांना शिकवावे लागले. गावोगावच्या बायकांनी पुढे येऊन शेजारणींना समजावले. घर बायको सांभाळते, तेव्हा भिंतीत काय जाते यावर तिची नजर असणे योग्यच होते. २००२ साली नकाशाही सुधारला. तो पहिला पट्टाच रद्द झाला आणि किल्लारीचा मुलूख तिसऱ्या पट्ट्यात आला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. इंजिनिअरांची शाखा कशाला हवी? १५ सप्टेंबरला फोटोला हार घालून चहा-चिवड्याची सभा करायची असेल, तर नसली तरी चालेल. शाखा म्हणजे दुतर्फा वाहतुकीचा रस्ता. वरून मानक आले, ते तिने गवंड्याला मराठीत, कागदावर नव्हे, भिंतीवर दाखवावे. आणि खालून बातमी आली, जमीन गुरगुरते, विहिरीचे पाणी एकाएकी बदलले, शाळेच्या भिंतीला तडा गेला, तर ती तिने लिहून घ्यावी, तारखेसह वर धाडावी आणि उत्तर येईपर्यंत पाठ सोडू नये. महिन्याला एक सभा पुरे. पण त्या सभेत एक खुर्ची गवंड्याची आणि एक गुरुजींची असावी. गुरुजींची एवढ्यासाठी, की इंजिनिअर बदलून जातो, शाळेचे दप्तर गावात राहते.

तुम्हालाही एक काम सांगून थांबतो. आज घरी गेल्यावर आपल्या भिंतीकडे एकदा नीट पाहा. कोपरा गुंफलेला आहे का? माळवदावर माती किती साचली आहे? नवे घर बांधत असाल तर मिस्त्रीला विचारा, ‘आरपार दगड किती घातलेस? पट्टा सगळीकडून सलग आहे ना?’ विचारायला लाजू नका. नळदुर्गच्या बंधाऱ्याला पाहायला आपण तिकीट काढून जातो; ज्या भिंतीशेजारी लेकरे निजतात तिला पाहायला तर तिकीटही लागत नाही.