गरुड, निशाण आणि क्रमांक

देनारियस या रोमन चांदीच्या नाण्याच्या दर्शनी बाजूवर बहुतेक वेळा चेहरा असतो; आधीच्या काळात देवतेचा, नंतर राज्यकर्त्याचा. रोमन सेनानी मार्क अँटनीने इ.स.पू. 32-31 मध्ये पाडलेल्या सैनिकी नाण्यांवर मात्र चेहराच नाही. पुढे वल्ह्यांची युद्धनौका; मागे दोन निशाणांच्या मध्ये लीजनचा गरुडध्वज आणि त्या पलटणीचा क्रमांक. 2 ते 23 क्रमांकांची नाणी खात्रीने ओळखली गेली आहेत. काहींवर पलटणीचे नावही येते: बारावी ‘अँटिक्वा’, सतरावी ‘क्लासिका’.

प्रतिस्पर्धी ऑक्टेव्हियनशी युद्ध तोंडावर आले असताना, सैन्याचा पगार भागवायला ही नाणी निघाली. वर्षाला 225 देनारियस मिळणाऱ्या शिपायाच्या तळहातावर त्याच्याच पलटणीचा क्रमांक पडावा, ही कल्पना मला विलक्षण वाटते. त्याआधी अँटनीने आपल्याबरोबर इजिप्तची राणी क्लिओपात्रा हिची छबी असलेले देनारियसही काढले होते. पण इ.स.पू. 32 मध्ये रोमने युद्ध पुकारले ते तिच्याविरुद्ध. रोमन शिपायाच्या पगारात तिचा चेहरा परवडला नसता; गरुडाबद्दल मात्र कुणाचे दुमत नव्हते. हा माझा तर्क आहे, पण नाण्यावर काय गाळले आहे हेही वाचावेच लागते. नौकेभोवतीच्या लेखात अँटनी स्वतःला शकुनवेत्ता आणि तिघांच्या सत्ताधारी त्रिमंडळाचा सदस्य म्हणवतो. त्या त्रिमंडळाची मुदत तोवर उलटून गेली होती.

इ.स.पू. 31 मध्ये 2 सप्टेंबरला अ‍ॅक्टियमला झालेल्या लढाईत अँटनी हरला. त्याची नाणी मात्र टिकली, आणि त्याचे कारण हिणकसपणा. अँटनीने देनारियसमध्ये लोखंड मिसळले, असा ठपका रोमन लेखक प्लिनी ठेवतो. प्रत्यक्षात भेसळ तांब्याची होती. चोख चांदीची जुनी नाणी लोक साठवत, वितळवत. ही वितळवण्यात फायदा नव्हता, म्हणून ती हातोहात फिरत राहिली. इ.स. 64 मध्ये सम्राट नीरोने देनारियसचे वजन आणि कस दोन्ही उतरवल्यावरही ती बाजारात होतीच.

म्हणून आज हाती येणारे नाणे बहुधा गुळगुळीत असते. वल्ही एकमेकांत मिसळून जातात, लेखाची अक्षरे पुसट होतात आणि क्रमांक नाणे उजेडात तिरपे धरून वाचावा लागतो. सम्राट मार्कस ऑरेलियस आणि लुसियस व्हेरस यांनी जवळपास 200 वर्षांनी हाच छाप पुन्हा पाडला, तोही मूळ नौकेसह आणि अँटनीच्या नावासह. त्यावर क्रमांक आहे सहाव्या लीजनचा.